गप्प उभं राहण्याचा नियम

१४ जानेवारी १९७२, संक्रांत

शाळेत मदर अग्नेस म्हणायच्या, मनात कडू आलं की जिभेवर येण्याआधी कागदावर उतरवावं, कागदाला वाईट वाटत नाही. मला इतकी वर्षं गरज पडली नाही. कडू आलं की मी अनूच्या घरी जात असे. आता कडू अनूविषयीच आलं आहे, म्हणून लिहायला बसले.

ह्यांना सांगून उपयोग नाही. लढाई संपून महिना होत आला, तरी तोफांच्या कारखान्यातला ओव्हरटाइम संपलेला नाही. रात्री घास हातात असतानाच ह्यांचे डोळे मिटतात.

दर संक्रांतीला मी आणि अनू वर्षातल्या पहिल्या फेरीला निघतो. सकाळचा भोंगा झाला, सायकलींची गर्दी फाटकातून आत गेली, रस्ता मोकळा झाला की आमची वेळ. जबलपूरच्या ह्या रांझी वस्तीच्या मागच्या अंगाने, नाल्याकाठच्या हरभऱ्याच्या शेतांतून काळ्या खडकांच्या टेकडीपर्यंत. संक्रांतीपासून पाडव्यापर्यंत. आमची लग्नं झाली, मुलं झाली, अनूचे यजमान गेले, तिची शाळेतली नोकरी झाली आणि संपली, पण ही फेरी कधी चुकली नाही.

आज तिळगुळाचा डबा घेऊन गेले तर तिच्या दाराला कुलूप. रस्त्याच्या वळणावर दिसली. बरोबर ती विनता. समोरच्या क्वार्टरमध्ये दिवाळीच्या सुमारास राहायला आलेल्या सुपरवायझरची बायको, तिशीची असेल, साडीवर कॅनव्हासचे बूट घालते. दोघी हातात हात घालून चालल्या होत्या. मदर आम्हाला रांगेत हात धरायला लावत तेव्हा अनू करंगळी तेवढी द्यायची.

मी समोर जाऊन उभी राहिले. अनू हसली, पण परक्या बाईकडे बघून हसावं तशी. मी "काय गं" म्हटल्यावर मग तोंडभर हसली. "शरू, तू होय." म्हणजे आणखी कोण असणार होतं?

"तुम्हाला हाक मारणारच होतो काकू," विनता म्हणाली. नागपूरची आहे. "पण मावशी म्हणाल्या, चलो, ऊन चढून राहिलं."

अनू तिची मावशी झाली. मी काकूच.

२१ जानेवारी

आज तिघी गेलो. विनता चालताना एक क्षण गप्प राहत नाही. मावशी, इथं खड्डा आहे हं. आता डाव्या हाताला हरभरा लागला, फुलं आलीत, जांभळी जांभळी. ती बाई पाहा, घाटे तोडून राहिली. थांबा, समोरून म्हैस येऊन राहिली. रेडिओवर क्रिकेटचं धावतं वर्णन चालावं तसं. ही वाट आम्ही दोघींनी शाळेपासून तुडवली आहे. हरभऱ्याला कसलं फूल येतं हे आम्हाला कालची आलेली मुलगी सांगणार?

आणि अनू. वर्गात कुणी वहीचं पान वाजवलं तरी जिची भुवई चढायची, ती अनू मान कलती करून हे सगळं ऐकत होती. मी दोनदा म्हटलं, सकाळ किती शांत आहे. विनताला टोमणा कळत नाही. अनूला कळतो. ती म्हणाली, "बोलू दे गं तिला. मला आवडतं."

आंब्याच्या मोहोराचं मात्र अनूनेच सांगितलं. झाड अजून वळणापलीकडे होतं, तरी ही थांबून म्हणाली, मोहोर आला. वळलो तर खरंच आलेला. म्हणजे काल-परवा ही विनताबरोबर इथवर येऊन गेली असणार. मला न सांगता.

३० जानेवारी

लढाईतले ब्लॅकआउटचे काळे कागद आज काचांवरून खरवडून काढले. गरम पाणी आणि ह्यांचं जुनं ब्लेड. खोलीत इतका उजेड आला की कोपऱ्यातली जळमटं दिसली आणि तीही काढावी लागली.

मग उत्साहाने अनूकडे गेले, तिचेही काढून द्यावेत म्हणून. राहू दे म्हणाली, उजेडाने डोळे दुखतात. मी हट्ट केला तशी चिडली. डिसेंबरात ते कागद आम्ही दोघींनीच लावले होते. तिचा मुलगा श्रीरंग आघाडीवर होता. मी कागद धरायची, ती खळ फासायची, निम्मी खळ माझ्या बोटांना. लढाई चालू होती तोवर मी तिच्याच घरी झोपायला जात होते. रेंजवर तोफांची चाचणी झाली की ती विचारायची, आपल्याच ना? मी म्हणायची, आपल्याच. त्या दिवसांत ही विनता नागपूरला माहेरी जाऊन बसली होती. हे आता कुणाला आठवत नाही.

आज ती अनूच्या स्वयंपाकघरात फळ्या लावत होती. डब्यांच्या गळ्यात दोरे बांधले आहेत. साखरेच्या दोऱ्याला एक गाठ, चहाच्या दोन, मिठाला गाठच नाही. मी विचारलं, हे काय नवीन. अनू म्हणाली, सोपं पडतं. तिच्या स्वयंपाकघरात चहाचा डबा कुठे आहे हे मला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. आज मलाच सापडेना. विनताने हात लांबवून काढून दिला.

६ फेब्रुवारी

भाजीबाजारात अनू माझ्या अगदी जवळून गेली. मी मेथीची जुडी हातात घेऊन हसत उभी. ती माझ्यातून आरपार बघत पुढे गेली. भाजीवाली म्हणाली, "दीदी, आपकी सहेली नाराज हैं क्या?"

मेथी कडू निघाली.

१४ फेब्रुवारी

काल शिवरात्रीला दोघी नर्मदेवर ग्वारीघाटाला गेल्या होत्या. मला विचारलं होतं. मी डोकं दुखतं असं सांगितलं. मग दिवसभर खरंच दुखलं.

२० फेब्रुवारी

आजचं नीट लिहायचं तर आधी नियम लिहायला हवा.

ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत मदर अग्नेस आम्हा मुलींना ह्याच टेकड्यांकडे फिरायला आणत. फूल दिसलं की आम्ही किंचाळायचो. मदरना किंचाळणं सोसायचं नाही. त्यांनी नियम केला. जिला पहिल्यांदा दिसेल तिने गप्प उभं राहायचं. बोट दाखवायचं नाही, तिकडे बघायचंही नाही. बाकीच्यांनी आपापल्या डोळ्यांनी शोधायचं. शाळा सुटली तशा बाकीच्या मुली विसरल्या. आम्ही दोघींनी पाळला, वर्षातल्या पहिल्या पळसासाठी. जिला दिसला ती उभी राहते, दुसरीला सापडेपर्यंत पाऊल पुढे पडत नाही. एका वर्षी अनूने मला इतका वेळ उभं ठेवलं की गुरं घेऊन जाणारा म्हातारा विचारत राहिला, "बाईजी, कुछ गिर गया क्या?" अनूने त्यालाही ओठांवर बोट ठेवून गप्प केलं. मग तोही शोधायला लागला, काय शोधायचं ते ठाऊक नसताना.

आज मला दिसला. नाल्यापलीकडे, जवसाच्या शेताच्या टोकाला, एकही पान नसलेल्या झाडाच्या वरच्या फांदीवर. दोन-तीनच फुलं, पण अशी पेटलेली की छातीत धस्स झालं. पन्नाशी उलटून गेली तरी दरवर्षी होतं. मी उभी राहिले.

विनताने तोंड उघडलं, मी तिच्याकडे असं पाहिलं की ते मिटलं. अनू चार पावलं पुढे गेली, मग थांबली. "काय झालं?" तिने विचारलं. मी उत्तर दिलं नाही. तिला कळलं. नक्की कळलं, कारण तिचा चेहरा उजळला, शाळेतल्यासारखा. तिने सावकाश मान फिरवली. ह्या बाजूला, त्या बाजूला. मग अगदी त्या झाडाकडे तोंड करून उभी राहिली. सरळ झाडाकडे. मी मनात म्हणत होते, बोल आता.

ती म्हणाली, "यंदा पळसाला उशीर होणार असं दिसतं."

आणि हात पुढे केला. तो विनताने धरला.

इतक्या वर्षांत आम्ही दोघी त्या नियमात खोटं बोललो नव्हतो. ती हरायला कधी लाजली नाही आणि मीही नाही. आज तिने खेळच टाकून दिला, आपण मोठे झालो म्हणून बाहुली धाकटीकडे टाकावी तसा. आणि माझ्या देखत हात दुसरीचा धरला.

जेवताना ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "अगं, दिसला नसेल." पुरुषांना काही कळत नाही.

२५ फेब्रुवारी

श्रीरंग सुटीवर आला आहे. आज नमस्काराला आला, अमृतसरच्या वड्या घेऊन. वाळला आहे, कानशिलं पांढरी झाली. मी त्याला कडेवर घेऊन नाल्याकाठी हिंडवलेलं, आता दारातून वाकून आत येतो.

मी काही बोलायचं नाही असं ठरवलं होतं. पण तो म्हणाला, "शरू मावशी, तुम्ही शेजारी आहात म्हणून मी आईची काळजी करत नाही." ते मला सोसलं नाही. मी म्हटलं, बाबा रे, मी आता नुसती शेजारीच राहिले, तुझी आई हल्ली मला ओळखत नाही. मग सगळं सांगितलं. संक्रांतीला परक्यासारखी हसली ते. भाजीबाजार. पळसासमोर उभी राहून पळस नाही म्हणाली ते. त्या विनताने घराचा ताबा घेतला आहे, डब्यांना दोरे बांधून ठेवले आहेत, तेही सांगितलं.

फौजेत राहून त्याला चौकशी करायची सवय लागली आहे. बाजारात मी कुठल्या बाजूला उभी होते? डाव्या. ऊन कुठून होतं? पायऱ्या ती कशी उतरते? भिंतीला हात लावून, मी म्हटलं, हल्ली जरा जास्तच ठसक्यात, राणीसारखी. त्याचा चहा तसाच राहिला. उठला, माझ्या पुन्हा पाया पडला आणि गेला.

बोलून फार बरं वाटलं. दीड महिन्यात आज पहिल्यांदा पोटभर जेवले.

२८ फेब्रुवारी

काचबिंदू.

श्रीरंगने परवा तिला लष्करी दवाखान्यात नेलं. डावा डोळा पूर्ण गेला आहे. उजव्याने बांगडीतून बघावं तेवढं दिसतं, समोरचं, तेही उजेड मऊ असला तर. गेलेलं परत येणार नाही. उरलेलं टिकावं म्हणून थेंब दिले आहेत, रोज वेळच्या वेळी घालायचे. वर्षभर तरी असंच चाललं असणार, डॉक्टर म्हणाले. वर्षभर तिने कुणाला कळू दिलं नाही. श्रीरंगची बायको प्रतिमा पुण्याला असते, तिथे मोठे डॉक्टर आहेत. पाडवा झाला की तो आईला घेऊन जाणार. अनू नको म्हणत होती, तो ऐकत नाही. म्हणाला, मावशी, तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलंच नसतं, तुमचे उपकार आहेत.

मागचं वाचून पाहिलं. मोहोराच्या पानापर्यंत वाचलं. पुढे वाचवेना.

१ मार्च, धुळवड

विनता पळसाच्या फुलांचा रंग घेऊन आली होती. मी दार उघडलं नाही. ती पायरीवर तांब्या ठेवून गेली. रंग तसाच आहे, केशरी, स्वच्छ. कुणावर टाकू?

एक गोष्ट लिहून टाकते, खरी आहे म्हणून. अनूचे डोळे गेले हे कळल्यावर मी रडले. पण त्या रडण्याच्या मधोमध, एखाद्या काट्यासारखं, हेही होतं की विनताला आधी माहीत होतं.

५ मार्च

आज गेले. अनू ओसरीवर उन्हाकडे पाठ करून बसली होती. मी फाटक उघडलं तशी म्हणाली, "ये शरू. उजवी चप्पल घासून चालतेस, नवी घे." 

मी बसले. मग मीच म्हटलं की श्रीरंगला मी सांगितलं.

"माहीत आहे. इतकं बारीक तुझ्याशिवाय कुणाला दिसणार?"

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस. विनताला सांगितलंस आणि मला नाही. माझा आवाज चढला असणार, कारण आत भांडं वाजायचं थांबलं. विनता आतच होती.

अनू म्हणाली की विनताला तिने सांगितलं नव्हतं. दिवाळीत अनू विनताच्या फाटकावर आपटली, डोक्याला टेंगूळ आलं. त्या पोरीने बर्फ लावला, घरी पोचवलं आणि काहीही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी येऊन हात धरला आणि बोलायला लागली, ते अजून थांबलेली नाही.

"मीही धरला असता हात," मी म्हटलं.

"धरला असतास. आणि पळस दिसल्यावर काय केलं असतंस?"

मला कळेना ती काय विचारते.

"उभी राहिली असतीस गप्प? खरं सांग, शरू. तू म्हणाली असतीस, अनू, अगं तो बघ, फुलला. आणि मग जीभ चावली असतीस. आणि पुढच्या वर्षी त्या वाटेनेच नेलं नसतंस मला. आंधळीशी कुणी शर्यत लावत नाही. त्या दिवशी तू उभी राहिलीस, तेव्हा मला कळलं तुला फूल दिसलं. इतका आनंद झाला मला. म्हटलं, हिला अजून कळलेलं नाही."

मी तिचा हात धरायला गेले. तिने करंगळी दिली.

मग म्हणाली, "पुण्याला जायचं नाही मला. तिथे जिने फार. आणि मी तिथली कुणीच नाही." श्रीरंगला मीच सांगितलं होतं, आणि बोलून पोटभर जेवले होते.

संध्याकाळी श्रीरंगची गाठ घेतली. सांगितलं, अनूला माझ्या घरी ठेव, मी आणि विनता मिळून थेंब घालू. तो मऊपणाने बोलला पण ठाम. मावशी, तुम्ही रोज तिच्यासमोर होतात, तुम्हालाही दिसलं नाही.  

१२ मार्च

आजची फेरी शेवटची. अनूनेच सांगून पाठवलं होतं, भोंगा झाला की निघायचं, चुकारपणा नको.

तिचा डावा हात विनताकडे, उजवा माझ्याकडे. मी ठरवून आले होते की आज वर्णन मी करायचं. रात्रीच मनात जुळवून ठेवलं होतं. गहू पिवळा पडला आहे, जवसाची फुलं झडून बोंडं धरली, सावरीच्या फुलांचा सडा आहे, लाल, जाड पाकळ्यांचा, आणि पोपट. पळस आता सगळीकडे आहे, टेकडीला आग लागल्यासारखा. अनूने जरा वेळ ऐकलं आणि म्हणाली, "शरू, तू सांगतेस की निबंध वाचतेस? विनता, तू सांग गं."

विनता म्हणाली, "मावशी, खड्डा."

अनू इतकी हसली की आम्हाला थांबावं लागलं. मीही हसले, पण मला लागलं. लागलंच. आता निघायच्या आठवड्यातसुद्धा.

टेकडीच्या पायथ्याशी, खडक सुरू होतात तिथे, अनू उभी राहिली. मी विचारलं, दमलीस? उत्तर नाही. हात माझ्या हातातून काढून घेतला, विनताच्याही. दोन्ही हात पदरात घेऊन मान खाली घालून उभी. शाळेच्या रांगेतल्यासारखी.

मला कळायला वेळ लागला.

मी शोधायला लागले. पळस तर सगळीकडे होता, तो नव्हे, तो काही पहिला नाही. बहावा? शेंगा नुसत्या लोंबत होत्या. करंजाला कोवळी पानं होती, फूल नाही. मी वर बघत होते, झाडाझाडाचे शेंडे, चष्मा पुसून पुन्हा. विनताही इकडेतिकडे बघत होती, मग तीही एकाएकी शांत झाली आणि अनूसारखीच मान खाली घालून उभी राहिली. म्हणजे तिलाही सापडलं. दोघी उभ्या, आणि मी एकटी गोल गोल फिरत होते. खाली नाल्यावर कपडे धुणारी बाई धोपटणं हातात धरून आमच्याकडे बघत होती.

किती वेळ गेला ठाऊक नाही. कारखान्याचा मधल्या सुटीचा भोंगा झाला तेव्हा मी थकून खडकावर टेकले आणि माझ्या हाताला काहीतरी गार, रसाळ लागलं. मोहाचं फूल. पिवळट, द्राक्षाएवढं. वर झाडावर दिसण्यासारखं काहीच नसतं, तांबूस कोवळी पानं तेवढी. मोह पहाटे सगळा खाली गळतो. अनूच्या चपलांपाशी दहा-बारा फुलं पडली होती. आणि वास, आता कळल्यावर वास केवढा होता, गूळ तापल्यासारखा. इतका वेळ मी त्या वासात उभी राहून फूल शोधत होते.

"हरले," मी म्हटलं.

"मुद्दाम हरलीस?" अनूने विचारलं. तिने तोंड माझ्याकडे वळवलं, जरा बाजूला, जिथे मी नव्हते. "माझ्यासाठी?"

"नाही."

"मदरची शपथ?"

"मदरची शपथ. नाही दिसलं."

तिचा चेहरा असा झाला की तो मी कधी विसरणार नाही. घरापर्यंत गुणगुणत आली. फाटकाशी आल्यावर म्हणाली, ह्या चाळीस वर्षांत मी जास्त वेळा जिंकले आहे, लक्षात ठेव. ते खोटं आहे. मी वाद घातला. आम्ही तिथे उभ्या राहून भांडलो, दारातून श्रीरंग बघत राहिला.

१७ मार्च

काल पाडवा. आज अनू गेली. गाडीत बसताना तिने रुमाल काढून नाकाला लावला. मला वाटलं रडते. रुमालात मोहाची फुलं बांधली होती. विनताने दिलेली. मला सुचलं नव्हतं.

घरी येऊन अनूच्या काचांचे काळे कागद काढायला बसले. मग तसेच राहू दिले.

९ एप्रिल

पुण्याहून पत्र आलं. अक्षर प्रतिमाचं, शब्द अनूचे. जिने मोजून पाठ केले म्हणते. थेंब घालताना प्रतिमाचा हात कापतो. आणि पुढे लिहिलं आहे: "इथे बंगल्यामागे कुठेतरी मोगरा फुलला. मी दारातच उभी राहिले. प्रतिमाला नियम सांगितला होता. बिचारी कुंड्याकुंड्यांतून शोधत राहिली, गॅसवर भाजी करपली. अजून तिला शेजारच्यांची भिंत सुचलेली नाही. आज पुन्हा उभी करणार आहे."

वाचून अंगाची लाही झाली. खेळ आमचा होता. नियम मदरचा होता. प्रतिमा आमच्या शाळेत नव्हती, जबलपूरची तर नव्हेच. मी पत्र घडी घालून डब्यात टाकलं आणि चपला घालून बाहेर पडले. फाटकाशी विनता, बूट घालून.

"मावशी, येता?" ती म्हणाली.

मावशी. कधीपासून म्हणते कोण जाणे, माझं लक्ष नव्हतं.

पाडव्यानंतर आम्ही कधी फेरीला जात नसू, ऊन सोसत नाही. आज गेलो. हरभरा काढून झाला आहे, शेतं उघडी. विनताचं सुरू झालं, इथं ढेकळं आहेत, हे कुत्रं कालचंच होय, तिकडे भुसा भरून राहिले. मी म्हटलं, मला दिसतं गं. ती जरा ओशाळली. मग मीच म्हटलं, बोल, बोल.

टेकडीच्या अलीकडे तिचं बोलणं मध्येच तुटलं. मी वळून पाहिलं. उभी होती. हात पदरात, मान खाली, ओठ घट्ट मिटलेले, आणि त्यांच्या कोपऱ्यात हसू मावत नव्हतं.

मी आधी डोळे मिटून वास घेतला. मग पायाखाली पाहिलं. मग एकेक झाड बघायला सुरुवात केली.